एस्ट्राडायॉल जेल की गोळी? पोटावरच्या चरबीला विचारून केलेलं परीक्षण

पाळी गेल्यानंतर घ्यायच्या हॉर्मोनबद्दल बायकांच्या गप्पांत दोनच प्रश्न असतात: अंगातून वाफा यायच्या थांबल्या का, आणि जाडी वाढली का. पहिल्या प्रश्नात गोळी आणि जेल दोन्ही पास होतात. दुसऱ्याचं उत्तर कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेच्या आढाव्याने कधीच देऊन ठेवलं आहे. पन्नाशीत वाढणारं वजन या औषधामुळे वाढत नाही, ते न घेणाऱ्यांचंही तेवढंच वाढतं. म्हणजे या दोन प्रश्नांवर निवड होत नाही. ती होते तिसऱ्या प्रश्नावर, जो केमिस्टच्या काउंटरवर कुणीच विचारत नाही: हे हॉर्मोन चरबीपर्यंत पोचतं तेव्हा कोणत्या रूपात पोचतं आणि तिथे काय करतं?

परीक्षणाला घेतलेली वस्तू म्हणजे ०.०६ टक्क्यांचं एस्ट्राडायॉल जेल, ८० ग्रॅमचं. एस्ट्राडायॉल म्हणजे अंडाशयात बनणारं मुख्य इस्ट्रोजेन. तुलनेला एस्ट्राडायॉल व्हॅलरेटची गोळी, जी प्रोजिनोव्हा या नावाने इथे वर्षानुवर्षं माहीत आहे, आणि तिच्याहून जुनी प्रीमॅरिन. त्वचेवर चिकटवायचा पॅच बाजूला ठेवला आहे. औषध म्हणून तो जेलचाच सख्खा भाऊ, पण मुंबईत कोपऱ्यावरच्या दुकानात तो सहज मिळत नाही आणि मिळाला तरी जून ते सप्टेंबरच्या चिकट हवेत त्याच्या कडा सुटत राहतात.

आधी चरबीचं बघू, कारण तिच्याशिवाय पुढचा निकाल कळणार नाही.

अंडाशयांनी काम थांबवलं म्हणजे इस्ट्रोजेन संपलं, असं सर्रास मानलं जातं. प्रत्यक्षात कारखाना जागा बदलतो. मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी अँड्रोस्टेनेडायोन नावाचं पुरुषी घराण्यातलं हॉर्मोन बनवत राहतात. ते रक्तातून चरबीत येतं आणि तिथलं अ‍ॅरोमाटेज हे एन्झाइम त्याचं एस्ट्रॉन करतं. गंमत म्हणजे हे काम तेलाने टम्म फुगलेल्या पेशी फारसं करत नाहीत. त्यांच्या अधल्यामधल्या, अजून चरबीने न भरलेल्या आधारपेशी ते करतात. वय वाढतं तशी आणि चरबी वाढते तशी ही क्षमताही वाढते. पाळी गेलेल्या बाईच्या शरीरातलं मुख्य इस्ट्रोजेन म्हणून एस्ट्रॉन असतं, आणि ते बहुतांशी चरबीतून आलेलं असतं.

एस्ट्रॉन ताकदीने कमी. पण चरबीतच त्याचं एस्ट्राडायॉल करणारी एन्झाइमं असतात, उलट दिशेने नेणारीही असतात. रक्तात तरंगणारं एस्ट्रॉन सल्फेट हे निष्क्रिय रूप चरबीत आलं की सल्फेटेज त्याची शेपटी तोडतं आणि पुन्हा एस्ट्रॉन मोकळं होतं. शिवाय एस्ट्राडायॉलला फॅटी अ‍ॅसिड जोडून त्याचं एस्टर बनतं, ते तेलाच्या थेंबात मुरून बसतं आणि गरजेप्रमाणे सुटत राहतं. म्हणजे चरबी हे कोठारही झालं. तिसरं काम टेस्टोस्टेरॉनचं: एकेआर१सी३ नावाचं एन्झाइम अँड्रोस्टेनेडायोनपासून तेही इथेच तयार करतं.

या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ असा, की पाळी गेलेल्या बाईच्या चरबीतलं एस्ट्रॉन आणि एस्ट्राडायॉल रक्तातल्यापेक्षा जास्त असू शकतं. लॅबच्या कागदावर 'एस्ट्राडायॉल २० पिकोग्रॅमपेक्षा कमी' असं छापून आलं तरी चरबीच्या आतली गोष्ट त्यात दिसत नाही. ती दिसायला चरबीचा तुकडा काढून मास स्पेक्ट्रोमेट्री या रेणू वजनावरून ओळखणाऱ्या तंत्राने मोजावा लागतो, आणि ते संशोधनापुरतंच होतं. 'फॅट हॉर्मोन टेस्ट' असं काही पॅकेज कुणी विकत असेल तर पैसे घरी ठेवा.

मग चरबी भरपूर असलेल्या बाईला वाफा यायला नकोत, असं वाटेल. उलट होतं. चरबी उष्णता धरून ठेवते, आणि एस्ट्रॉनचा हा पुरवठा मेंदूतल्या तापमान-नियंत्रणाला पुरत नाही. 'अंगाने भरलेली आहे, तिला कशाला हॉर्मोन' हा शेरा डॉक्टरकडूनही ऐकू येतो, पण तो टिकत नाही.

आपल्याकडे यात आणखी एक गाठ आहे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगाला दाखवून दिलं की भारतीय माणूस वजनकाट्यावर बारीक दिसतो आणि आतून चरबीचा असतो. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआयची जाड म्हणायची रेषा २५ आणि बायकांच्या कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटर धरतात. अंधेरीच्या ऑफिसात बसून काम करणारी ५८ किलोची बाई 'बारीक' या खात्यात मोडते, पण नाभीच्या आत आतड्यांभोवती किती साठलं आहे ते तिच्या कुर्त्याच्या मापावरून कळत नाही. आणि पाळी गेल्यावर चरबी नितंब-मांड्यांवरून उठून नेमकी तिथेच जाते.

आता गोळी. तोंडाने घेतलेलं एस्ट्राडायॉल आधी आतड्याच्या भिंतीतून आणि यकृतातून जातं. तिथे त्याचा मोठा भाग एस्ट्रॉन आणि एस्ट्रॉन सल्फेट होऊन बाहेर पडतो. अंगभर फिरायला जे निघतं त्यात एस्ट्राडायॉलच्या मानाने एस्ट्रॉन साधारण पाचपट असतं. प्रीमॅरिनमध्ये तर मुळातच निम्म्याहून जास्त भाग एस्ट्रॉन सल्फेटचा, बाकीच्यात घोडीच्या लघवीतून आलेली इक्विलिनसारखी इस्ट्रोजेन्स. चरबीच्या बाजूने पाहिलं तर गोळी घेणारी बाई आपल्या कोठारात रोज एस्ट्रॉनचा कच्चा माल ओतत असते आणि सल्फेटेज तो उघडत बसतं.

गोळीचा दुसरा परिणाम यकृतात होतो. इस्ट्रोजेनचा लोंढा एकदम यकृतावर आला की ते एसएचबीजी हे हॉर्मोन बांधून ठेवणारं प्रथिन जास्त बनवतं. पाळी चालू असतानाही यकृताला इस्ट्रोजेन असं एकदम, मोठ्या डोसात कधी मिळत नव्हतं. एसएचबीजी एस्ट्राडायॉलपेक्षा टेस्टोस्टेरॉनला घट्ट धरतं. त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन खाली येतं, आणि चरबीत सहज शिरतं ते मोकळंच हॉर्मोन. हे सरसकट वाईट म्हणता येणार नाही. हनुवटीवर केस येताहेत, पूर्वी पीसीओएस होतं, चेहरा तेलकट आहे, अशा बाईला गोळीचा हा गुण आवडेल. कामेच्छा आधीच मावळली असेल तर तोच गुण अवगुण ठरतो.

यकृताचे आणखी उद्योग: ट्रायग्लिसराइड्स वाढतात, रक्त गोठवणारी प्रथिनं वाढतात, स्नायू टिकवायला मदत करणारं आयजीएफ-१ हे हॉर्मोन कमी होतं. शेवटच्या गोष्टीचा चरबीशी थेट संबंध आहे. १९९८ साली सिडनीत एका लहानशा अभ्यासात त्याच बायकांना काही महिने गोळी आणि काही महिने त्वचेवरचं इस्ट्रोजेन देऊन पाहिलं. गोळीच्या काळात चरबी किलोभर वाढली आणि स्नायू तेवढेच घटले, वजनाचा काटा मात्र जवळपास तिथेच. बायका थोड्या होत्या, म्हणून त्यावर फार मोठा मनोरा रचू नये. पण 'वजन वाढलं नाही' या दिलाशाच्या खाली काय चाललेलं असू शकतं, हे त्यातून कळतं.

जेलचा मार्ग वेगळा. एस्ट्राडायॉल त्वचेतून केशवाहिन्यांत जातं आणि यकृताला सगळ्या शरीराबरोबरचाच वाटा मिळतो. रक्तात एस्ट्राडायॉल आणि एस्ट्रॉन यांचं प्रमाण एकास एकच्या आसपास राहतं, म्हणजे अंडाशय चालू असतानाच्या जवळ. एसएचबीजी फारसं हलत नाही, ट्रायग्लिसराइड्स वाढत नाहीत. फ्रान्समधल्या २००३च्या एस्थर अभ्यासात गोळीने शिरेत गुठळी होण्याचा धोका स्पष्ट वाढलेला दिसला, त्वचेवरच्या प्रकारांत तो वाढलेला दिसला नाही. पोटाचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे, साखर सीमेवर, ट्रायग्लिसराइड्स २०० : हे चित्र मुंबईत घरोघरी आहे, आणि अशा बाईसाठी आमचं मत निःसंशय जेलच्या बाजूने.

चरबीत एस्ट्राडायॉल पोचल्यावर काय होतं, तेही बघायला हवं. त्वचेखालच्या चरबीत ते अल्फा-२ए अ‍ॅड्रेनर्जिक रिसेप्टर वाढवतं, आणि हा रिसेप्टर चरबी वितळायला ब्रेक लावतो. ऐकायला उलटं वाटेल, पण फायदा त्यातच आहे: चरबी मांड्या-नितंबांच्या कातडीखाली थांबते आणि आतड्यांभोवती जाऊन बसत नाही. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या २०१८च्या अभ्यासात हॉर्मोन सध्या घेत असलेल्या बायकांच्या पोटातली चरबी न घेणाऱ्यांपेक्षा कमी होती. ज्यांनी पूर्वी घेऊन सोडलं होतं त्यांच्यात मात्र हा फरक उरला नव्हता. म्हणजे जेल हे पोट कमी करायचं औषध नाहीच. ते चालू आहे तोवर चरबीचा पत्ता थोडा बदलतं, इतकंच. जाहिरातीत याहून मोठं काही लिहिलेलं दिसलं तर ती जाहिरात समजा.

यावरून सुचणारा एक उद्योग मात्र करू नका: जेल पोटावर चोळणं. औषध जिथे लावलं तिथली चरबी वितळवत नाही, ते रक्तात जाऊन सगळीकडे फिरतं. माहितीपत्रकात दंड, खांदे, मांडीची आतली बाजू दिलेली असते. तिथेच लावायचं. स्तनांवर आणि योनीजवळ अजिबात नाही.

मात्रेचा हिशोब सोपा आहे, पण नेमकी तिथेच गफलत होते. ०.०६ टक्के म्हणजे १ ग्रॅम जेलमध्ये ०.६ मिलिग्रॅम एस्ट्राडायॉल. पंपाचा एक दाब १.२५ ग्रॅमचा, म्हणजे ०.७५ मिलिग्रॅम. ट्यूबसोबत येणाऱ्या खुणांच्या मापावर २.५ ग्रॅम म्हणजे १.५ मिलिग्रॅम. बाजारात ०.१ टक्क्याचं जेलही असतं, त्यात १ ग्रॅमला १ मिलिग्रॅम बसतं. चिठ्ठीवर डॉक्टरने नुसतं 'जेल, रोज एक माप' लिहिलं असेल तर टक्केवारी विचारून त्यांच्याच हाताने लिहून घ्या. सुरुवात बहुधा ०.७५ मिलिग्रॅमने होते. ८० ग्रॅम या मात्रेला ६४ दिवस पुरतं, दुप्पट मात्रेला ३२ दिवस. ६४ दाब झाल्यावर पंपात तळाशी जेल दिसतं आणि फेकवत नाही. फेका. त्यानंतर दर दाबाला किती येतं त्याचा भरवसा नसतो. नवा पंप उघडल्यावरही पहिल्या दाबात हवा असते, म्हणून पत्रकात सांगितलंय तितके दाब कागदावर काढून तो कागद कचऱ्यात टाकायचा. ट्यूब असेल तर 'वाटाण्याएवढं' वगैरे अंदाज चालत नाही, माप वापरायचंच.

लावायची पद्धत: आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं होऊ द्या. मुंबईत हे वाक्य वाटतं तितकं सोपं नाही. बाथरूममधून निघाल्यावर दोन मिनिटांत पुन्हा घाम फुटतो, आणि घामावर लावलेलं जेल ओघळून जातं. पंख्याखाली उभं राहा. दंडावर पातळ थर पसरा, जागा जितकी मोठी तितकं शोषण बरं; दोन तळव्यांएवढी तरी हवीच. चोळून जिरवायची गरज नाही. जेलमधला अल्कोहोल उडायला कोरड्या हवेत दोन मिनिटं लागतात, पावसाळ्यात पाच-सात लागू शकतात. तो उडेपर्यंत देवघरातल्या समईपासून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब राहा, अल्कोहोल पेट घेतो. चिकटपणा गेला की ब्लाउज घाला. हात साबणाने धुवा. लावलेली जागा तासभर भिजवू नका.

खोबरेल तेल लावलेल्या अंगावर जेल लावू नये. वरून मॉइश्चरायझर किंवा सनस्क्रीनही लगेच नको, त्याने शोषण बदलतं. एकाच बाईला एक महिना फरक वाटतो आणि पुढच्या महिन्यात वाटत नाही, यामागे पुष्कळदा औषध नसतं. लावायची जागा, तेल आणि घाम यांतलं काहीतरी बदललेलं असतं. सकाळची लोकल धरायची घाई असेल तर रात्री लावा. वेळ कुठलीही चालते, रोज तीच हवी. एखादा दिवस राहिला आणि पुढची वेळ बारा तासांहून लांब असेल तर आठवल्यावर लावा, जवळ असेल तर सोडून द्या. दुसऱ्या दिवशी दुप्पट लावायचं नाही.

घरात लहान मूल असेल तर जेलला आमच्याकडून एक मोठा उणे गुण. आजीच्या दंडावर डोकं ठेवून झोपणाऱ्या नातवाच्या अंगाला हे हॉर्मोन लागू शकतं. एस्ट्राडायॉलच्या स्प्रेमुळे लहान मुलांची छाती वाढल्याच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१०मध्ये तसा इशारा दिला होता, पाळीव प्राण्यांचाही त्यात उल्लेख होता. उपाय साधा: मांडीच्या आत लावा, वर सलवार. किंवा मूल झोपल्यावर लावा. हे जमत नसेल तर गोळी बरी.

खरेदीचं. जेल चिठ्ठीवरच मिळतं आणि तसंच घ्यावं. उपनगरातल्या साध्या केमिस्टकडे ते फडताळात असेलच असं नाही. मागवून देतात, एखाद-दोन दिवस लागतात. प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक बाजारातून त्यांच्याकडे माल येतो, त्यामुळे स्वतः मरीन लाइन्सला जाऊन फार काही साधत नाही. ट्यूब संपायच्या आठवडाभर आधी सांगून ठेवणं शहाणपणाचं. महिन्याच्या खर्चात गोळी जेलपेक्षा स्वस्त पडते, आणि वर्षानुवर्षं घ्यायच्या औषधात हा मुद्दा छोटा नव्हे.

काउंटरवर 'इस्ट्रोजेनचं जेल द्या' असं म्हणू नका. एस्ट्रिऑलचं क्रीम हातात पडायची शक्यता असते. ते योनीच्या कोरडेपणासाठीचं, चांगलं औषध, पण त्याचं काम तिथल्या तिथे. वाफांना किंवा हाडांना त्याचा उपयोग नाही आणि चरबीतल्या हॉर्मोनशी त्याचा म्हणण्यासारखा संबंध नाही. प्रोजेस्टेरॉनचंही त्वचेवर लावायचं एक जेल असतं, ते तिसरंच. त्याने गर्भाशयाला संरक्षण मिळत नाही. खोक्यावर 'एस्ट्राडायॉल' हा शब्द आणि '०.०६' हा आकडा वाचूनच पैसे द्या. साठवणीचं तापमान बहुतेक खोक्यांवर २५ अंशांखाली लिहिलेलं असतं. एप्रिल-मेच्या मुंबईत ते खोलीत जमणं अवघड, म्हणून निदान स्वयंपाकघर आणि पश्चिमेची खिडकी टाळा, सगळ्यात थंड कपाट निवडा.

गर्भाशय असलेल्या बाईला एकटं इस्ट्रोजेन कधीच नाही, जेल असो वा गोळी. आतलं अस्तर वाढत राहतं आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो. सोबत अस्तराला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन लागतं, तेही मायक्रोनाइज्ड, म्हणजे बारीक कण केलेलं: रोज घेणार असाल तर साधारण १०० मिलिग्रॅम, महिन्यातून १२ ते १४ दिवस घेणार असाल तर २००. रात्री झोपतानाच घ्यायचं, कारण गुंगी येते. ज्यांची झोप उडाली आहे त्यांना हा दुष्परिणाम बोनससारखा वाटतो. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, अ‍ॅलर्जी असेल तर घटक वाचा. डायड्रोजेस्टेरॉन हा दुसरा चांगला पर्याय. सुरुवातीचे तीन ते सहा महिने थोडे रक्ताचे डाग पडणं चालतं. त्यानंतरही चालू राहिलं किंवा मध्येच नव्याने सुरू झालं तर सोनोग्राफी. 'जेलमुळे असेल' म्हणत महिने घालवायचे नाहीत. जेल परवडत नाही म्हणून इस्ट्रोजेन ठेवून प्रोजेस्टेरॉन गाळणं, ही काटकसर सगळ्यात महाग पडते.

पिशवी काढलेल्या बाईला प्रोजेस्टेरॉन सहसा लागत नाही. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या तरुण वयात काढल्याचा विषय २०१९मध्ये विधिमंडळापर्यंत गेला. त्यांतल्या ज्यांची अंडाशयंही गेली, त्यांना पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन मिळणं हा खरा उपचार होता. त्याची चर्चा फार कमी झाली.

तपासण्यांवर थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण पैसे इथे वाया जातात. जेल चालू असताना एस्ट्राडायॉल मोजायची दर महिन्याला गरज नसते. तीन महिन्यांनी त्रास कमी झालेला नसेल, तर मोजणं उपयोगी, कारण त्वचेतून साधारण दहावा हिस्साच आत जातो आणि हे प्रमाण बाईगणिक खूप वेगळं असतं. पण रक्त कुठल्या हातातून काढलं हे महत्त्वाचं. ज्या दंडाला जेल लावलं त्याच हाताच्या शिरेतून नमुना घेतला तर त्वचेवरचं हॉर्मोन सुईला लागून आकडा अवाच्या सवा वर जातो. मग डॉक्टर मात्रा कमी करतात आणि वाफा परत येतात. घरी नमुना घ्यायला येणाऱ्या मुलाला हे माहीत असेलच असं नाही. त्या दिवशी जेल मांडीला लावा, किंवा नमुना देऊन झाल्यावर लावा.

केस गळतात म्हणून बायोटिन घेणाऱ्यांनी ते तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवावं, मात्रा मोठी असेल तर त्याहूनही आधी. बऱ्याच यंत्रांच्या रसायनात बायोटिन वापरलेलं असतं आणि पोटातलं बायोटिन एस्ट्राडायॉलचा आकडा खोटा फुगवतं. गोळी घेणाऱ्यांची अडचण वेगळी: त्यांच्या रक्तात एस्ट्रॉन इतकं असतं की साध्या, प्रतिपिंडांनी हॉर्मोन ओळखणाऱ्या इम्युनोअ‍ॅसेत त्यातलं थोडं एस्ट्राडायॉल म्हणून मोजलं जाऊ शकतं. एलसी-एमएस, म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या पद्धतीने मोजणारी लॅब मिळाली तर तिला पसंती द्या. रिपोर्ट पिकोमोलमध्ये असेल तर ३.६७ने भागलं की पिकोग्रॅम मिळतात. एफएसएच, म्हणजे अंडाशयांना चालना देणारं हॉर्मोन, पुन्हा पुन्हा मोजून मात्रा ठरवता येत नाही, त्याचे पैसे वाचवा.

चरबीवर खरोखर लक्ष ठेवायचं असेल तर शिंपिणीचा टेप पुरे. बरगडी संपते आणि कमरेचं हाड सुरू होतं त्यांच्या मधोमध, श्वास सोडून, महिन्यातून एकदा. डेक्सा या क्ष-किरणांच्या स्कॅनमध्ये पोटातल्या चरबीचा अंदाज मिळतो, पण त्यासाठी सगळ्या शरीराचा बॉडी कॉम्पोझिशन स्कॅन सांगावा लागतो. हाडांसाठी केला जातो तो कंबर-खुब्याचा, त्यात हे येत नाही.

स्तनांच्या कॅन्सरचा प्रश्न चरबीपासून वेगळा काढता येत नाही. स्तन म्हणजे बराचसा चरबीच, आणि तिथलं अ‍ॅरोमाटेज स्थानिक इस्ट्रोजेन बनवतं. पाळी गेल्यावर लठ्ठपणाने या कॅन्सरचा धोका वाढतो तो बराचसा यामुळेच, आणि लेट्रोझोलसारखी या कॅन्सरवरची औषधं नेमकं हेच एन्झाइम बंद करतात. २०१९मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ५८ अभ्यास एकत्र करून आलेल्या विश्लेषणात एक लक्षणीय गोष्ट होती: नुसत्या इस्ट्रोजेनमुळे वाढणारा धोका बारीक बायकांत जास्त ठळक होता आणि लठ्ठ बायकांत फारसा दिसत नव्हता. लठ्ठ बाईच्या स्तनात इस्ट्रोजेन आधीच भरपूर, म्हणून वरून घातलेल्याने फरक कमी पडतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. याला लठ्ठपणाचं प्रमाणपत्र समजू नये. तिचा मूळ धोकाच वर असतो.

२००२च्या डब्ल्यूएचआय या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने जी भीती पसरली ती प्रीमॅरिनची ०.६२५ मिलिग्रॅम आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनचं कृत्रिम भावंड या जोडीच्या गोळीबद्दल होती, आणि त्यातल्या पुष्कळ बायका साठीच्या पुढच्या होत्या. तो निकाल जेल आणि मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनला जसाच्या तसा लावणं बरोबर नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या औषधांवरचे हृदयविकार, स्तनांचा कॅन्सर आणि स्मृतिभ्रंशाचे चौकटीतले इशारे काढायचं जाहीर केलं. याचा अर्थ सगळ्यांना मोकळं रान, असा कुणी घेऊ नये. स्तनांचा कॅन्सर झालेला, कारण न कळलेला रक्तस्राव, यकृताचा चालू आजार, पूर्वी गुठळी, पक्षाघात किंवा हार्ट अ‍ॅटॅक: यांपैकी काही असेल तर काउंटरवर निर्णय होत नाही. आणि सुरुवात साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत झालेली बरी. भारतात पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षीच जाते, म्हणजे ही मुदत आपल्याकडे पुस्तकातल्यापेक्षा लवकर सुरू होते.

गुण द्यायचे तर, चरबी आणि यकृताच्या हिशोबात जेलला दहापैकी आठ. एक गुण कापला तो घाम, तेल आणि नातवंडांच्या कटकटीसाठी, एक तो किमतीसाठी आणि हातात मिळायला लागणाऱ्या उशिरासाठी. एस्ट्राडायॉलच्या गोळीला सहा: सोपी, स्वस्त, प्रवासात डबीत मावते; सडपातळ, ट्रायग्लिसराइड्स नीट असलेल्या, घरात कुणाला गुठळीचा इतिहास नसलेल्या पन्नाशीच्या बाईला ती निर्धास्त चालते. प्रीमॅरिन नव्याने सुरू करायला आज कारण दिसत नाही. शतावरी-सोयाच्या महागड्या डब्यांना या तक्त्यात जागाच नाही, आणि 'बायोआयडेंटिकल' म्हणून वेगळं बनवून विकलं जाणारं मिश्रणही नको. केमिस्टकडच्या जेलमध्ये आहे तेही अंडाशयात बनतं तेच एस्ट्राडायॉल आहे, फक्त त्यावर बॅच नंबर असतो.

गोळीवरून जेलवर जाताना मध्ये खंड लागत नाही. गोळी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी जेल. एसएचबीजी खाली यायला काही आठवडे लागतात आणि तेवढ्या काळात मोकळं टेस्टोस्टेरॉन वर सरकतं. चेहरा थोडा तेलकट झाला किंवा एखादी पुळी आली तर जेल सोसलं नाही असा निष्कर्ष काढू नका, तीन महिने थांबा. जेल बंद केल्यावर रक्तातलं एस्ट्राडायॉल साधारण तीन-चार दिवसांत जुन्या पातळीवर येतं. म्हणून गावाला लग्नाला जाताना ट्यूब घरी राहिली तर आठवड्याच्या आत वाफा परत येतात. ती सामानात टाका, आणि गाडी उन्हात उभी असेल तर डॅशबोर्डवर ठेवू नका.